अंगावर पिणारं मूल आणि आईला पुन्हा दिवस : दूध तोडायचं की चालू ठेवायचं?

माकुणसार (ता. पालघर) : मूल वर्ष-दीड वर्षाचं, अजून अंगावर पितं आणि आईला पुन्हा दिवस राहिले. माकुणसार, केळवे, सफाळ्यापासून बोईसर-तारापूरच्या चाळींपर्यंत आणि वर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत हे अनेक घरांत घडतं. घरात पहिला सल्ला ठरलेला असतो, "आता त्याला तोड, तुझं दूध नासलं." मग छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावतात किंवा मुलाला चार-आठ दिवस आजोळी ठेवून येतात. काही आया सासूच्या नजरेआड पाजत राहतात आणि मनात धाकधूक असते, की पोटातल्या बाळाला काही होईल का?

थोडक्यात उत्तर असं. गरोदरपण सुरळीत असेल, आई पोटभर जेवत असेल, रक्त पुरेसं असेल, तर मोठ्या बाळाला पाजायला हरकत नाही. गरोदर बाईचं दूध नासत नाही. धोका दोन ठिकाणी असतो. दूध एकदम तोडून मुलाला त्याच्या बदली काहीच नीट मिळालं नाही तर मूल खंगतं. आणि आईच्या अंगात रक्त नाही, ताटात जेवण नाही, तरी पोटातलं आणि मांडीवरचं अशी दोन्ही बाळं तिने पोसायची असतील तर आई खंगते. म्हणून दूध तोडायचं की नाही हे आईचं रक्त, वजन आणि मुलाचं वय बघून ठरवायचं.

पाळी आली नाही, तरी दिवस कसे राहिले?

"अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत" असं सर्रास बोललं जातं. हे अर्धंच खरं आहे. तीन गोष्टी एकत्र असतील तरच त्यावर भरवसा ठेवता येतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. त्याला रात्रंदिवस फक्त अंगावरचंच दूध हवं, पाणी किंवा वरचं दूधही नको. आणि बाळंतपणानंतर आईला पाळी आलेली नसावी. या तीनही गोष्टी असतील तेव्हा दिवस राहण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास असते. यातली एक जरी सुटली, बाळ वरचं खाऊ लागलं किंवा सातवा महिना लागला, की भरवसा संपला.

अडचण अशी की पाळी येण्याच्या आधी बीज सुटतं. त्यामुळे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात, आणि ते तीन-चार महिने कळतही नाही. अचानक दूध कमी होणं, पाजताना स्तनाग्रं हुळहुळणं, मळमळ, खूप थकवा ही लक्षणं दिसली तर आशाताईंकडे मिळणाऱ्या 'निश्चय' किटवर लघवीची तपासणी करून घ्यावी.

हे बाळंतपण नको असेल, तरी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खाऊ नयेत. जास्त रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं. कायद्याच्या अटींत बसणारा गर्भपात सरकारी रुग्णालयात होतो. तिथे वेळेत जाऊन डॉक्टरांशी बोलावं.

गरोदर बाईचं दूध खराब होतं का?

होत नाही. पण ते बदलतं. गरोदरपणाच्या संप्रेरकांमुळे बहुतेक जणींचं दूध चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास कमी होतं. मूल कितीही ओढत राहिलं तरी ते पहिल्यासारखं वाढत नाही. चवही बदलते, गोडी कमी होऊन किंचित खारट लागतं. पुढे दुधाच्या जागी हळूहळू चीक तयार होऊ लागतो. काही मुलं या काळात स्वतःहूनच पिणं सोडतात. काही पीत राहतात आणि त्यांना थोडी पातळ शी होते, कारण चीक पोट साफ करणारा असतो. यालाच लोक "दूध बाधलं" म्हणतात. मूल खेळतंय, लघवी नीट होतेय, ताप नाही, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जुलाब पाण्यासारखे आणि वारंवार होत असतील, तर मात्र ते दुधावर ढकलू नये. ओआरएस सुरू करून मुलाला दवाखान्यात दाखवावं.

ज्याच्या गोठ्यात दुभतं जनावर आहे त्याला ही गोष्ट चटकन पटेल. गाय गाभण राहिली तरी कितीतरी महिने आपण तिचं दूध काढतो, घरात पितो, डेअरीला घालतो. ते नासलं असं कुणी म्हणत नाही. शेवटचे दोनेक महिने तिला आटवतो आणि तिची वैरण-पेंड वाढवतो. घरातल्या सुनेच्या वेळी मात्र दूध तोडण्याची घाई होते आणि ताट वाढवायचं राहून जातं.

मग "पाठचं आलं की पुढचं सुकतं" हे कुठून आलं?

हा अनुभव खोटा नाही. जुन्या वैद्यांनीही तो नोंदवला आहे. 'माधवनिदान' या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'पारिगर्भिक' नावाचा बालरोग दिला आहे. गरोदर आईचं दूध पिणारं मूल कृश होतं, त्याची भूक मंदावते, पोट वाढतं असं त्याचं वर्णन आहे. म्हणजे मूल सुकताना लोकांनी पाहिलं होतं. दोष मात्र दुधावर गेला.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही हेच दिसलं. आज घाना म्हणतात त्या देशात सिसली विल्यम्स नावाच्या डॉक्टर काम करत होत्या. १९३३ साली त्यांनी सूज आलेल्या, कातडी सोललेल्या लहान मुलांच्या आजाराबद्दल लिहिलं. दोन वर्षांनी त्याचं तिथल्या गा भाषेतलं नाव जगापुढे आणलं, 'क्वाशिओरकोर'. पाठचं भावंड आलं की पुढच्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. विल्यम्स यांनी नीट पाहिलं तेव्हा कळलं, की ही मुलं आईच्या दुधावरून काढून नुसत्या मक्याच्या पेजेवर टाकलेली होती. पोट भरत होतं, पण अंग धरेल असं त्यात काही नव्हतं.

आपल्याकडे मक्याच्या जागी तांदळाची पातळ पेज, चहात बुडवलेलं बिस्कीट किंवा पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट असतं. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळं राज्य हादरलं होतं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, पण कुपोषणाचा प्रश्न त्याच्याबरोबरच आला. त्याची कारणं अनेक आहेत. दोन बाळंतपणांतलं कमी अंतर आणि दुधावरून तुटलेल्या मुलाच्या ताटाकडे झालेलं दुर्लक्ष ही त्यांतली दोन. घरातल्यांच्या हातात असलेली ही कारणं आहेत.

पाजल्याने गर्भ पडतो का?

मूल पिऊ लागलं की आईच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्यानेच दूध उतरतं आणि त्यानेच गर्भाशय थोडं आवळतं. भीतीचं कारण हेच. पण गरोदरपणाच्या बहुतेक काळात गर्भाशय या संप्रेरकाला फारसं दाद देत नाही. ते शेवटच्या आठवड्यांत जास्त संवेदनशील होतं. पाजताना ओटीपोटात थोडं आवळल्यासारखं वाटलं आणि पाजणं थांबवल्यावर गेलं, तर ते बहुधा साधं असतं. सुरळीत गरोदरपणात पाजत राहिल्याने गर्भ पडतो किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं, असं आजवर सिद्ध झालेलं नाही.

पुढे दिलेल्यांपैकी काही असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नये. बऱ्याचदा ते थांबवायलाच सांगतात :

• अंगावरून रक्त जातंय किंवा पाणी गळतंय
• दिवस भरण्याआधी कळा येतात, किंवा आधीचं बाळंतपण अपुऱ्या दिवसांत झालं आहे
• आधी वारंवार गर्भ पडला आहे
• पोटात जुळं आहे
• सोनोग्राफीत वार खाली असल्याचं किंवा गर्भाशयाचं तोंड कमकुवत असल्याचं सांगितलं आहे
• रक्त फार कमी आहे किंवा गरोदरपणात वजन वाढत नाही

आईच्या अंगावरचा भार किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार गरोदर बाईला रोजच्या जेवणावर ३५० कॅलरी जास्त लागतात. सहा महिने ते वर्षाच्या बाळाला पाजणाऱ्या आईला ५२० कॅलरी जास्त लागतात. गरोदरही आहे आणि पाजतेही आहे, तिला दोन्ही भार. दूध कमी झालेलं असेल तर बेरीज थोडी उतरते, तरी रोजच्या दोन जेवणांवर आणखी एक पूर्ण जेवण आणि मधलं खाणं एवढं तरी हवंच.

हे मिळालं नाही तर काय होतं, ते ग्वाटेमाला देशातल्या खेड्यांत तपासलं गेलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाजता पाजता गरोदर राहिलेल्या आयांच्या अंगावरची चरबी घटलेली दिसली. पोटातल्या बाळाच्या वजनात तेवढा फरक नव्हता. म्हणजे बाळाला कमी पडू नये म्हणून आईचं अंग स्वतःतलं काढून देत होतं. बाळ चांगलं जन्मलं म्हणून आई ठीक आहे, असं समजू नये.

खाण्यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. भाताबरोबर घट्ट डाळ, वाल किंवा तुरीचं कालवण, नागलीची भाकरी, शेवग्याचा पाला, अंडं, ताजी मासळी, नसेल तेव्हा सुका जवळा किंवा बोंबील, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, केळं किंवा चिकू. हे सगळं आपल्याच भागातलं आहे. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची रीत या काळात तरी बंद व्हावी. आईला आधी वाढावं.

गोळ्यांचं असं. चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस. कॅल्शियमची गोळी दिवसाला दोन. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचं तरी अंतर ठेवावं. लोहाच्या गोळीवर चहा नको. या गोळ्या पाजत असतानाही चालतात आणि उपकेंद्रात मोफत मिळतात. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्त कमी. ७ पेक्षा खाली गेलं तर ते गंभीर, लगेच उपचार हवेत. तपासणीचा आकडा आईने आणि नवऱ्याने स्वतः कार्डावर वाचावा.

मोठ्या मुलाचं काय करावं?

ते त्याच्या वयावर आहे.

सहा महिन्यांच्या आतलं : अशा बाळाचा सगळा आधार आईचं दूध. इथे स्वतःच्या मनाने काही करू नये. दर पंधरा दिवसांनी वजन करावं आणि दूध कमी पडतंय असं वाटलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. गाईचं दूध पाणी घालून बाटलीने पाजणं हा जुलाबाचा सरळ रस्ता आहे.

सहा महिने ते एक वर्ष : पाजणं चालू ठेवता आलं तर उत्तम. वरचं खाणं मात्र लगेच वाढवावं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा आणि मध्ये एक-दोनदा थोडं काही. आईचं दूध अगदीच आटलं तर कोणतं दूध, किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं आणि वाटी-चमच्यानेच पाजावं.

एक वर्षाच्या पुढचं : घरचं सगळं जेवण चालतं, फक्त मऊ आणि कमी तिखट. पेज पातळ नको, चमच्यावर टिकेल इतकी घट्ट हवी. तिच्यात डाळ, थोडं तेल किंवा तूप, कुस्करलेलं अंडं किंवा काटे काढलेली मासळी घालावी. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते, म्हणून जितकं पितंय तितकं पिऊ द्यावं.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन करावं. दंडाला लावायची रंगीत पट्टी सेविकेकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण. त्यात दवाखाना चुकवू नये.

दूध तोडायचंच ठरलं, तर

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून किंवा आईला झेपत नाही म्हणून पाजणं थांबवलं, तर त्यात आईचा काही दोष नाही. फक्त एका दिवसात तोडू नये. दिवसातली एक वेळ बंद करावी, तिच्या बदली खाणं द्यावं, चार-पाच दिवसांनी दुसरी वेळ. रात्रीची शेवटी सोडवावी. त्या वेळी बापाने किंवा आजीने मुलाला जवळ घेऊन झोपवलं तर काम सोपं होतं. छाती दाटली तर हाताने थोडं दूध काढून टाकावं. डॉक्टरांनी तातडीने बंद करायला सांगितलं असेल, तर त्यांचं ऐकावं. तेव्हा मुलाला जास्त वेळ जवळ घ्यावं आणि त्याच्या खाण्याकडे दुप्पट लक्ष द्यावं.

कडू पाला लावून मूल पिणं सोडतं खरं, पण घाबरतं, चिडतं आणि कधी कधी जेवणही सोडतं. मुलाला लांब आजोळी पाठवलं तर दूध आणि आई दोन्ही एकाच दिवशी जातात.

बाळंतपणानंतर दोघांना पाजता येतं का?

येतं. मोठ्याने पिऊन चीक संपतो हा गैरसमज आहे. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस चीक येतोच. पण त्या दिवसांत आधी नवजात बाळाला पाजावं, त्याचं पोट भरल्यावर मोठ्याला. याला कारण आहे. पेरू देशात लिमा शहराजवळच्या एका अभ्यासात, ज्यांच्या आईने गरोदरपणातही मोठ्याला पाजलं होतं, त्या नवजात बाळांनी पहिल्या महिन्यात दूध कमी घेतलं आणि त्यांचं वजनही कमी वाढलं. म्हणून आशाताई घरी येतात तेव्हा दर वेळी वजन करून घ्यावं. दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत यायला हवं. येत नसेल तर मोठ्याचं पिणं कमी करावं.

कुठे काय मिळतं?

• अंगणवाडीत गरोदर आई, स्तनदा आई आणि सहा महिने ते तीन वर्षांचं मूल, सगळ्यांना पूरक आहार असतो. गरोदर आईचं आणि तिच्या लहान मुलाचं, दोघांचं नाव वेगवेगळं नोंदवलं आहे ना, हे बघावं.
• आदिवासी क्षेत्रातल्या गावांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत ठरलेल्या महिन्यांत आईला एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात.
• दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. "मी अजून मोठ्याला पाजते" हे तिथे डॉक्टरांना आवर्जून सांगावं, लपवू नये.
• प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६००० रुपये मिळतात.
• बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आईला मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी देण्याची कायद्यात तरतूद आहे. ५० किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघरही हवं.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी तपासणीचं कार्ड आणि मुलाचं लसीकरण कार्ड बरोबर न्यावं, म्हणजे तिथल्या अंगणवाडीत आणि दवाखान्यात नाव लावता येतं.

पुढच्या वेळी अंतर

एका बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं थांबून मग पुढचे दिवस राहावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या काळात आईचं अंग भरून येतं आणि मुलाला दोन वर्षं दूध मिळतं. पाजणाऱ्या आईसाठी सोयीचे उपाय सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. 'अंतरा' इंजेक्शन बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करून दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. 'छाया' गोळीत संप्रेरक नसतात, ती पाजताना चालते. 'माला-एन' मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नये. आणि निरोध वापरणं हे नवऱ्याचं काम, ते बायकोवर ढकलू नये.

या वेळी थांबू नका

अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, थांबून थांबून नियमित येणाऱ्या कळा, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडावर-हातावर सूज, चालताना धाप लागणं. यातलं काहीही झालं तर पाजणं थांबवून लगेच दवाखाना गाठावा. गाडीसाठी १०२ किंवा १०८ वर फोन करावा. मोठं मूल सुस्त पडलं, खाणं-पिणं सोडलं, पायांवर सूज आली, तर त्यालाही त्याच दिवशी दाखवावं.